पावसाळ्यात हाताच्या ईएमजीमध्ये ५० हर्ट्झची घरघर, नॉच लावूनही जात नाही

साळावली:

नमस्कार. कृत्रिम हातासाठी कोपराखालच्या स्नायूंचा ईएमजी (स्नायू आकसताना उमटणारा विद्युत सिग्नल) घेऊन सहा मुद्रा ओळखायच्या, असं काम आहे. त्वचेवरचे इलेक्ट्रोड, सुई नाही. मांडणी सांगते:

दोन चॅनेल (बोटं मिटणारे आणि बोटं उघडणारे स्नायू), वापरून फेकायचे चांदी-सिल्व्हर क्लोराइडचे जेल इलेक्ट्रोड, दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर २० मिलिमीटर, संदर्भ इलेक्ट्रोड कोपराच्या हाडावर. केबल एक मीटर, शील्ड असलेली. पुढे एडी६२० (दोन इनपुटमधला फरक वाढवणारी चिप), गेन रेझिस्टर ४९९ ओहम, म्हणजे गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) १००. प्रत्येक इनपुटला रेडिओचा गोंगाट मारायला १ नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर ग्राउंडला जोडलाय. नंतर २० हर्ट्झचा हायपास (त्याखालचं अडवणारा फिल्टर), दहापट गेन, ४५० हर्ट्झचा लोपास (त्यावरचं अडवणारा), १२ बिटचा एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा), सॅम्पलिंग २००० हर्ट्झ. वीज लॅपटॉपच्या यूएसबीवरून, ५ व्होल्टचे मधोमध दोन भाग करून. राइट लेग ड्राइव्ह (शरीरावरचं व्होल्टेज उलटवून परत शरीरात सोडणारं सर्किट) नाही.

एप्रिलमध्ये हात सैल सोडला की गोंगाट १० मायक्रोव्होल्ट आरएमएसच्या आसपास असायचा. आता जुलैत तोच ६० ते ७० वर गेलाय, आणि मध्येच एखादा चॅनेल काही सेकंद सपाट होऊन परत येतो. सॉफ्टवेअरमध्ये ५० हर्ट्झचा, म्हणजे मेन्सच्या विजेची वारंवारता तेवढी कापणारा, नॉच फिल्टर लावला तर आलेख देखणा दिसतो, पण मुद्रा ओळखण्याचा निकाल दर दिवशी वेगळा. दोष हवेचा, सर्किटचा की माझ्या फिल्टरचा? कुठून सुरुवात करू?

मांडवीकाठ:

आधी अर्थिंग बघा. आपल्याकडे इमारतीखाली जांभा दगड, त्यात अर्थ-पिट धड होतच नाही. सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मोजा, लोड चालू ठेवून. एक-दोन व्होल्ट असेल तर ठीक. त्याच्या कितीतरी वर असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. आणि लॅपटॉप चार्जर लावून रेकॉर्डिंग करत असाल तर तो काढा.

चिरेबंदी:

मांडवीकाठ, चार्जरचं बरोबर, अर्थिंगचं इथे बसत नाही. जांभ्यातला अर्थ कोरड्या दिवसांत, मे महिन्यात बिघडतो. पावसात जमीन भिजली की त्याचा रोध उतरतो. इथे उलटं झालंय, एप्रिल ठीक आणि जुलै वाईट. अर्थ तपासायचा तो सुरक्षिततेसाठी जरूर तपासावा, पण गुन्हेगार दुसरा आहे.

साळावली, तुमची सगळी लक्षणं एकाच जागी येऊन मिळतात: एडी६२०च्या दोन इनपुट पायांपाशी.

पहिली गोष्ट ५० हर्ट्झची. भिंतीतल्या तारांमधून हवेतूनच अंगात अगदी थोडा प्रवाह शिरतो. तो ०.५ मायक्रोअॅम्पियर धरला आणि संदर्भ इलेक्ट्रोडचा रोध ५० किलोओहम धरला, तर अख्खं शरीर २५ मिलिव्होल्टवर हेलकावे खातं. हे दोन्ही इनपुटवर सारखंच येतं, म्हणून अॅम्प्लिफायरने ते गिळायला हवं. पण दोन इलेक्ट्रोडचे रोध सारखे नसले की प्रत्येक इनपुटवर थोडं वेगळं पोचतं, आणि हा फरक अॅम्प्लिफायरला खरा सिग्नलच वाटतो. हिशोब सोपा आहे: शरीरावरचं व्होल्टेज गुणिले रोधांमधला फरक, भागिले इनपुट इम्पीडन्स (इनपुटचा एसीला होणारा रोध).

तुमचा इनपुट इम्पीडन्स किती? डेटाशीटमधला १० गिगाओहम विसरा. १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर ५० हर्ट्झला ३.२ मेगाओहम दिसतो, आणि इनपुटला तोच लावलाय. आता आकडे घाला. फरक १.३ किलोओहम असेल तर १० मायक्रोव्होल्ट. फरक ९ किलोओहम झाला की ७० मायक्रोव्होल्ट. म्हणजे जुलैत भिंतीतली वीज वाढलेली नाही, तुमच्या जोडीतला एक इलेक्ट्रोड किंवा त्याची वायर दुसऱ्यापेक्षा आठ-नऊ किलोओहमने खराब झालीय. २५ मिलिव्होल्ट हा माझा धरलेला आकडा आहे, तुमच्या खोलीत दुप्पट किंवा निम्मा असू शकतो. प्रमाण मात्र बदलत नाही. शिवाय ते सिरॅमिक कपॅसिटर दहा टक्के टॉलरन्सचे असतील तर त्यांच्यातला फरकही भर घालतो.

उपाय: ते दोन्ही काढा. प्रत्येक इनपुटला १० किलोओहम सिरीजमध्ये, मग ग्राउंडला ४७ पिकोफॅरड, आणि दोन इनपुटच्या मध्ये ४७० पिकोफॅरड. सगळे सी०जी जातीचे (तापमानाने मूल्य फारसं न बदलणारे), पाच टक्के किंवा त्याहून चांगले. मधला कपॅसिटर ग्राउंडवाल्यांच्या दहापट ठेवायचा, म्हणजे ग्राउंडवाल्यांमधली विषमता झाकली जाते. रेडिओचा बंदोबस्त तरीही होतो, कारण फरकाच्या सिग्नलची मर्यादा सुमारे १६ किलोहर्ट्झवर येते. शील्डवाल्या केबलचे मीटरला साधारण १०० पिकोफॅरड असतात ते धरूनही इनपुट इम्पीडन्स सातपट वाढतो.

दुसरी गोष्ट, सपाट होणं. ५ व्होल्टचे दोन भाग म्हणजे उणे-अधिक २.५. एडी६२० हा रेल-टू-रेल नाही. एवढ्या पुरवठ्यावर त्याचा आउटपुट वर १.३ आणि खाली १.४ व्होल्टपर्यंतच जातो. गेन १०० असल्यावर इनपुटवर १३ मिलिव्होल्ट डीसी आलं की चॅनेल झोपला. इलेक्ट्रोडच्या जोडीत काही मिलिव्होल्टचा डीसी फरक असतोच. एखादा सुकला किंवा त्याला वायर जोडणारं टिचबटण गंजलं की १३ ओलांडायला वेळ लागत नाही. हायपास पुढे आहे, तो इथे कामाचा नाही, पाणी आधीच डोक्यावरून गेलेलं असतं.

म्हणून पहिल्या टप्प्याचा गेन १० वर आणा, रेझिस्टर ५.४९ किलोओहम. मग १३० मिलिव्होल्टपर्यंत जागा मिळते. हायपास १०० नॅनोफॅरड आणि ८२ किलोओहम (१९ हर्ट्झ), त्यानंतर गेन १००. एकूण हजारच राहतो. नवा बोर्ड करणार असाल तर एडी६२० सोडा आणि आयएनए३३३ घ्या. तो ५ व्होल्टवर आरामात चालतो आणि आउटपुट जवळजवळ टोकापर्यंत नेतो. त्याच्या गेनचं सूत्र वेगळं आहे हे लक्षात ठेवा: एक अधिक १०० किलोओहम भागिले गेन रेझिस्टर. एडी६२०मध्ये ते ४९.४ किलोओहम असतं. जुना रेझिस्टर तसाच लावला की गेन दुप्पट होतो आणि मग दिवसभर कोडं.

आता दमट हवेकडे. एडी६२०च्या पायांचा नकाशा बघा. पिन ३ धन इनपुट, तिच्या शेजारीच पिन ४, ऋण पुरवठा. पृष्ठभागावर बसणाऱ्या चिपमध्ये दोन पायांच्या मध्यापासून मध्यापर्यंत १.२७ मिलिमीटर. मधे सोल्डरचा फ्लक्स राहिला असेल तर तो पावसाळी हवेतला ओलावा ओढून घेतो. तिथली गळती १० मेगाओहमपर्यंत उतरली की २.५ व्होल्टमुळे २५० नॅनोअॅम्पियर वाहतात, आणि ५० किलोओहमच्या इलेक्ट्रोडवर १२.५ मिलिव्होल्ट डीसी उभं राहतं. वरची १३ ची मर्यादा आठवा. पिन २ च्या शेजारी पुरवठा नाही, म्हणून ही गळती एकाच बाजूला होते.

तपासणी या क्रमाने करा, उलट्या नको. बोर्डावर दोन्ही इनपुट आणि संदर्भ एकत्र शॉर्ट करा. दोन-तीन मायक्रोव्होल्टच्या आत यायला हवं. मग केबल लावून तिच्या टोकाला तिन्ही बटणं एकत्र. मग बटणं हातावरच्या इलेक्ट्रोडना लावून एका वायरीत मुद्दाम ५१ किलोओहम आणि त्याला समांतर ४७ नॅनोफॅरड घाला, बाकीच्या तशाच ठेवा. ही खोटी त्वचा. ज्या पायरीवर आकडा उडी मारतो, दोष तिथे.

कुळागर:

चिरेबंदींनी इलेक्ट्रोडचा फरक म्हटला, तो येतो कुठून ते सांगते, कारण सर्किट बदलायला आठवडा जाईल आणि त्वचा आजच नीट करता येते.

खोबरेल. आपल्याकडे आंघोळीआधी किंवा नंतर हातापायांना तेल लावणारे कितीतरी, आणि सहभागी व्यक्तीला ते सांगण्यासारखं वाटतच नाही. आदल्या दिवशीच निरोप द्या: तेल, क्रीम काही नको. आल्यावर साबणाने हात धुवायचा, पुसायचा. केस असतील तर वापरून फेकायच्या रेझरने तेवढीच जागा काढायची. मग त्वचा घासायच्या जेलने किंवा अगदी बारीक सॅंडपेपरने तीन-चार हलके हात, त्वचा किंचित गुलाबी होईपर्यंत, ओरखडा नको. शेवटी स्पिरिटचा बोळा, आणि तो पूर्ण वाळू द्यायचा. जुलैत तो लवकर वाळत नाही, आणि घाईत ओल्यावर इलेक्ट्रोड चिकटवला की कडा सुटतात.

लावल्यावर पाच ते दहा मिनिटं थांबा. जेल त्वचेत मुरेपर्यंत रोध उतरत राहतो आणि जोडीतल्या दोघांचा एकाच वेगाने उतरत नाही.

रोध मोजायला मल्टिमीटर वापरू नका. तो डीसी सोडतो, इलेक्ट्रोड ध्रुवित होतो आणि आकडा सरकत राहतो. १० ते ३० हर्ट्झच्या एसीवर मोजणारा मीटर हवा. दहा किलोओहमच्या खाली उत्तम. वीस-तीस असेल तरी चालतं, पण मग दोघेही वीस-तीसच हवेत. एक पाच आणि दुसरा तीस असेल तर दोन्ही काढून पुन्हा करा.

घाम हा वेगळाच प्रकार. घामाने रोध उतरतो म्हणून काहींना तो बरा वाटतो. पण २० मिलिमीटरच्या फटीत घामाची पट्टी तयार झाली की दोन इलेक्ट्रोड एकमेकांना जोडले जातात आणि सिग्नलच आकसतो. घरघर कमी, ईएमजीही कमी. मधली त्वचा कोरड्या गॉझने टिपत राहा. कागदी चिकटपट्टीने आडवं गुंडाळू नका, खाली घाम साठतो.

पाकिटाबद्दल: दहा-वीस इलेक्ट्रोडचं पाकीट फोडून एसीच्या खोलीत उघडं ठेवलं की जेलची कड सुकते. बाहेर पाऊस असला तरी एसी हवा कोरडी करतो. झिपच्या पिशवीत, हवा काढून ठेवा. एका जोडीत दोन्ही इलेक्ट्रोड एकाच पाकिटातले हवेत, हा नियम पाळाच.

शेवटी केबलची बटणं. आतल्या बाजूला काळपट-हिरवा थर दिसतो का बघा. जेलमध्ये क्लोराइड, आपल्या हवेत मीठ. निकेलचा मुलामा गेला की पितळ लगेच गंजतं.

मांडवीकाठ:

अर्थिंगचं मान्य. पण राइट लेग ड्राइव्ह लावला तर हे सगळं एका दमात सुटणार नाही का? आणि यूएसबी आयसोलेटर (लॅपटॉप आणि सर्किट यांच्यातला थेट विद्युत संबंध तोडणारा डबा)?

चिरेबंदी:

ड्राइव्ह लावावाच. शरीरावरचे २५ मिलिव्होल्ट त्याने कितीतरी पटींनी खाली येतात. गेन रेझिस्टरचे दोन समान भाग करून मधून सिग्नल घ्या, उलटवणाऱ्या ऑप-अॅम्पला १० आणि ३९० किलोओहम, ३९० ला समांतर १ नॅनोफॅरड स्थैर्यासाठी. आउटपुट आणि शरीर यांच्यामध्ये ३९० किलोओहमचा रेझिस्टर, हा कधीही वगळायचा नाही. ऑप-अॅम्प जळून रेलला, म्हणजे पुरवठ्याच्या टोकाला, चिकटला तरी २.५ व्होल्ट भागिले ३९० किलोओहम म्हणजे ६.४ मायक्रोअॅम्पियरच अंगात जातात. आयईसी ६०६०१-१ या वैद्यकीय उपकरणांच्या मानकातली नेहमीच्या स्थितीतली डीसीची मर्यादा १० मायक्रोअॅम्पियर आहे. मात्र इलेक्ट्रोडमधला फरक तसाच ठेवून ड्राइव्ह लावणं म्हणजे गळक्या कौलाखाली बादली ठेवणं. फरकही कमी करा.

आयसोलेटरचं: बाजारात मिळणारे छोटे यूएसबी आयसोलेटर, आत एडीयूएम३१६० ही चिप आणि एक वॅटचा डीसी-डीसी, गोंगाट कमी करायला चांगले. पण माणूस आणि मेन्स यांच्यामधली भिंत म्हणून त्यांच्यावर विसंबू नका. वैद्यकीय दर्जाला २५० व्होल्टच्या मेन्ससाठी ८ मिलिमीटर क्रीपेज (दोन बाजूंमधलं पृष्ठभागावरून मोजलेलं अंतर) लागतं, त्या डब्यात तेवढी जागाच नसते. त्यामुळे नियम साधा ठेवा: हाताला इलेक्ट्रोड असताना लॅपटॉप बॅटरीवर, आणि त्याला एचडीएमआय, लॅनची वायर किंवा ऑसिलोस्कोप, काहीही जोडलेलं नाही. ऑसिलोस्कोप सगळे विसरतात. त्याच्या प्रोबचं ग्राउंड थेट अर्थला असतं.

आणि तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा अॅडाप्टर लावून एक्स्टेन्शनमध्ये खुपसणं बंद. अर्थ तुटला की चार्जरमधल्या वाय-कपॅसिटरमुळे (मेन्स आणि अर्थ यांच्यामध्ये जोडलेल्या) लॅपटॉपचा धातूचा भाग मेन्सच्या साधारण अर्ध्या व्होल्टेजवर तरंगतो. प्रवाह छोटा असतो, पण हाताला झिणझिण्या येतात आणि ईएमजीची वाट लागते.

खाजन:

सर्किटचं झालं, मी निकालाबद्दल बोलतो. तिथे जास्त मोठा धोका आहे आणि तो आलेखात दिसत नाही.

ईएमजीची ताकद साधारण २० ते ४५० हर्ट्झमध्ये असते आणि तिचा मोठा भाग ५० ते १५० च्या पट्ट्यात. म्हणजे घरघर नेमकी तणासारखी पिकाच्या मधोमध उभी आहे. रुंद नॉच लावला तर पीकही कापलं जातं. क्यू (नॉच किती अरुंद ते) ३० ठेवला तर १.७ हर्ट्झची फट पडते, ती परवडते. ग्रिडची परवानगीची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ आहे, त्यामुळे एवढी अरुंद फट पुरते. पण नॉच फक्त ५० काढतो. स्पेक्ट्रम काढून १५०, २५०, ३५० बघा. ते उंच असतील तर चार्जर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर किंवा अॅम्प्लिफायर कापला जाणं, यांपैकी काहीतरी आहे. १०० वर सुळका असेल तर पुरवठ्यातली रिपल किंवा एका बाजूने कापलं जाणं शोधा. तुमच्या एडी६२०च्या वर-खाली असमान मर्यादा बघता मला तिथे काहीतरी दिसेल असं वाटतं.

आता मुख्य मुद्दा. हात टेबलावरून उचलला, मनगट वळवलं, की केबल आणि शरीर यांचं भिंतीतल्या तारांशी नातं बदलतं, आणि घरघरीची पातळीही. प्रत्येक मुद्रेला हाताची ठेवण वेगळी. तुमचं वैशिष्ट्य आरएमएस (सिग्नलची सरासरी उंची) असेल तर क्लासिफायर, म्हणजे मुद्रा ओळखणारा प्रोग्रॅम, स्नायू शिकण्याऐवजी घरघर शिकतो. त्या दिवशी ९० टक्के येतात, दुसऱ्या दिवशी केबल वेगळी पडली की कोसळतात. दर दिवशी वेगळा निकाल, हे लक्षण अगदी याचंच.

पडताळणी: मूळ सिग्नलचा फक्त ४८ ते ५२ हर्ट्झचा पट्टा ठेवा, बाकी टाका, आणि तेवढ्यावर क्लासिफायर शिकवा. सहा मुद्रांत नुसत्या अंदाजाने १६.७ टक्के येतात. या पट्ट्यात थोडा खरा ईएमजीही आहे, त्यामुळे २५-३० आले तर घाबरू नका. ६० च्या वर आले तर तो डेटा प्रबंधात घालू नका.

दुसरं, खिडक्या (सिग्नलचे छोटे तुकडे) वाटण्याची पद्धत. २०० मिलिसेकंदांच्या एकमेकींवर चढणाऱ्या खिडक्या करून त्या पिसून ट्रेन-टेस्ट (काहींवर शिकवणं, काहींवर तपासणं) केलं तर शेजारच्या दोन खिडक्या जवळपास सारख्याच असतात, एक इकडे एक तिकडे. आकडा फुगतो. वाटणी पुनरावृत्तीनुसार करा, त्याहून बरं म्हणजे दिवसानुसार.

पुढे-मागे दोन्हीकडून चालणारा शून्य-फेज फिल्टर नंतरच्या विश्लेषणाला ठीक. खऱ्या हातात तो चालणार नाही, कारण त्याला पुढचा सिग्नल आधी लागतो. मग प्रबंधातला आकडा आणि हातातला आकडा जुळत नाहीत.

साळावली:

सगळ्यांचे आभार. चिरेबंदींच्या क्रमाने तपासलं. बोर्डावर शॉर्ट: २ मायक्रोव्होल्ट. केबलच्या टोकाला शॉर्ट: ३. खोटी त्वचा एका वायरीत: ४०० च्या वर. चार्जर काढल्यावर हातावरचा आकडा ६५ वरून ४० झाला. दोन वायरींची अदलाबदल केल्यावर सपाट होणं वायरीबरोबर गेलं नाही, धन इनपुटवरच राहिलं. ४८ ते ५२ च्या पट्ट्यावर ७१ टक्के आले, म्हणजे जुलैचा डेटा बाजूला ठेवते.

बोर्ड धुवायचा कसा? आणि धुतल्यावर काही लेप द्यायचा का? यंत्र उद्या एसीच्या खोलीतून वऱ्हांड्यात न्यायचंय, तिथे सहभागी बसणार आहेत.

चिरेबंदी:

खोटी त्वचा ४०० वर म्हणजे ५१ किलोओहमला साधारण तेवढं यायलाच हवं होतं, ढोबळ हिशोब जुळला. कपॅसिटर बदलल्यावर हीच चाचणी पुन्हा करा, ५०-६० वर यायला हवं. धन इनपुटवर सपाट होणं राहिलं म्हणजे पिन ३-४ मधली गळती जवळजवळ नक्की.

धुणं: ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी आहे. जुना दातांचा ब्रश मऊ केसांचा घ्या, चिपच्या पायांमधून दोन्ही दिशांनी घासा, मग ताज्या अल्कोहोलने खळबळून टाका. एकदाच घासून सोडलं तर फ्लक्स सगळीकडे पातळ पसरतो, आणि ते आधीपेक्षा वाईट. ६० अंशांवर तासभर वाळवा आणि गरम असतानाच अॅक्रिलिक कन्फॉर्मल कोटिंगचे दोन पातळ हात द्या. कनेक्टर आणि बटणांवर आधी टेप लावा. कोटिंग ओल्या बोर्डवर दिलं तर ओलावा आतच कोंडला जातो.

वऱ्हांड्याचं: बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २६ च्या आसपास असतो. तुमचा बोर्ड एसीत २३ वर. बाहेर काढताक्षणी त्यावर दव धरणार, चष्म्यावर धरतं तसंच. यंत्र बंद झिपच्या पिशवीत घालून बाहेर न्या, पिशवीतच अर्धा तास ठेवा, बाहेरच्या तापमानाला आल्यावर मगच उघडा. पिशवीत सिलिका जेलची पुडी टाका, निळी असेपर्यंत. गुलाबी झाली की ओव्हनमध्ये सुकवून परत.

कुळागर:

वऱ्हांड्यात बसवणार असाल तर पंखा सहभागींच्या हातावर थेट नको, केबल हलते आणि २० हर्ट्झच्या खालची हालचाल वर झिरपते. केबल कोपराच्या वर एकदा टेपने बांधून तिथे थोडा सैल वेढा ठेवा. आणि जागा बदलताय तर नीतिशास्त्र समितीच्या मंजुरीत स्थळ काय लिहिलंय ते आधी बघा; लॅब लिहिलं असेल तर सुधारणा-पत्र द्यावं लागेल. संमतीपत्र कोकणी आणि मराठी दोन्हीत ठेवा, त्वचा घासण्याचा आणि केस काढण्याचा उल्लेख त्यात हवा.